पांढऱ्या दोऱ्याचा गुंडा

गप्प बसण्यात मावशीचा फायदा किती होता, ते आधी सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे कोणी तिला उगाच देव्हाऱ्यात नेऊन बसवायला नको. गप्प बसली असती तर दुकानात चार हात राहिले असते, दोन तिचे आणि दोन भाचीचे. सकाळी चहा दोन कप टाकावा लागला असता. सुईत दोरा ओवायला घरचे डोळे मिळाले असते, कारण मावशीच्या डोळ्यांनी त्या कामाचा केव्हाच राजीनामा दिला होता. आणि आपल्यामागे दुकानाचं काय, हा जो प्रश्न ती दर रविवारी दुपारी पंख्याकडे बघत स्वतःला विचारायची, तो आपोआप सुटला असता. बदल्यात करायचं काय, तर काहीच नाही. एक गोष्ट माहीत होती, ती सांगायची नाही. एवढ्या स्वस्तात एवढा माल मावशीला जन्मात मिळाला नव्हता.

दुकान कपडे दुरुस्तीचं. नवं शिवायचं नाही, हा मावशीचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. ती म्हणायची, "नवा कपडा शिवताना माणूस मापं खोटी सांगतो. दुरुस्तीला आला की खरं बोलतो." हे खरंच होतं. कंबर दोन इंच वाढली हे ज्यांनी घरात बायकोला कळू दिलं नव्हतं, ते पुरुष मावशीपुढे पोट सोडून उभे राहायचे. त्यांतले सगळ्यात नियमित म्हणजे एक वकीलसाहेब. त्यांची काळी पँट वर्षातून दोनदा यायची, आणि दोन्ही वेळा त्यांचं म्हणणं एकच असायचं: "कापड आटलंय हो."

भाची म्हणजे मावशीच्या मोठ्या बहिणीची मुलगी, वय पंचवीस. ताई दुसऱ्या गावी नोकरीला. पोरगी कॉलेज संपल्यावर महिनाभर राहायला म्हणून आली, मशीनवर बसली, आणि चार वर्षं उठली नाही. अंगानं सडपातळ, आणि ओठांत सदा दोन-चार टाचण्या धरलेल्या, म्हणून तिचं नाव टाचणी पडलं. ओठांत टाचण्या असल्या की बोलावं लागत नाही, ही त्यातली सोय मावशीला फार उशिरा कळली.

हात मात्र असा की बघत राहावं. एकदा तिनं एका जुन्या कोटाची कॉलर उलटून अशी बसवली, की मावशीनं तो कोटच तिच्या नकळत पार्सल करून दूरच्या मोठ्या शहरातल्या एका नाट्यगृहाच्या वेशभूषा विभागाला पाठवून दिली. सोबत चिठ्ठी: माझं काम आहे, बघावं. खाली सही भाचीची, अक्षर मावशीचं. उत्तर आलं. दोन वर्षं शिकवू, राहायची सोय करू, पुढे काम चांगलं वाटलं तर ठेवून घेऊ. मावशी आठवडाभर ते पत्र गिऱ्हाइकांना दाखवत होती. ती खरंच गेली तर काय होईल याचा विचार तिनं केला नव्हता. आधी फुशारकी मारून घ्यावी, हिशेब मागाहून, असा तो आठवडा होता.

जायच्या दिवशी बसस्थानकावर टाचणीचे हात गार पडले. छाती धडधडायला लागली, श्वास वरच्या वर अडकला, आणि आपण आता इथेच मरणार अशी तिची खात्री पटली. बॅग तशीच टाकून ती बाकावर आडवी झाली. डॉक्टरांनी सगळं तपासलं. हृदय ठणठणीत. पण त्या दिवसापासून पोरगी एकटी बसमध्ये चढेना, फोन उचलेना, दुकान आणि घर सोडून कुठे जाईना. नाट्यगृहाला फोन मावशीनं केला, आवाज थोडा बारीक करून, भाची असल्याच्या थाटात. तिथल्या वेशभूषाप्रमुखांनी दहा आठवड्यांची मुदत दिली. वर म्हणाले, "मग मात्र मला हो की नाही, ते पक्कं पाहिजे."

डॉक्टरांनी एका समुपदेशक बाईंचं नाव दिलं. मावशी भाचीला घेऊन गेली. न्यायला तिचं काही जात नव्हतं: पोरगी बरी झाली तर उत्तम, नाही झाली तर दुकानातच आहे.

बाई पस्तिशीच्या, सपाट चपला, केस मागे घट्ट बांधलेले. त्यांच्या खोलीबाहेर चार खुर्च्या, एक कुंडी, एक घड्याळ, आणि कोट टांगायचा स्टँड. स्टँडवर बाईंचा राखाडी कोट, आणि त्या कोटाचं अस्तर बगलेपाशी चांगलं वीतभर उसवलेलं. मावशीचं लक्ष पहिल्या मिनिटाला तिथे गेलं ते शेवटपर्यंत हललं नाही.

पहिल्याच दिवशी बाईंनी टाचणीला विचारलं, "तुम्हाला मी तू म्हणू की तुम्ही? तुम्हाला काय बरं वाटेल?"

टाचणीनं मावशीकडे पाहिलं.

"तू म्हणा की," मावशी म्हणाली. "पोरगी आहे."

बाईंनी मान हलवली, मावशीला बाहेर बसायला सांगितलं, आणि दार लावता लावता म्हणाल्या, "या, तुम्ही इथे बसा." तुम्ही! मावशीला ते लागलं. एवढं सांगूनही ही बाई परक्यासारखी वागते म्हणजे काय?

पन्नास मिनिटांनी भाची बाहेर आली ती हातात एक कोरं कार्ड घेऊन. परत येताना मावशीनं विचारलं, "काय सांगितलं?"

"काही नाही. विचारलं."

"आणि उपाय?"

"नुसतं विचारलं."

तेव्हापासून मावशीनं त्यांचं नाव प्रश्नबाई ठेवलं. तासाला पाच चेन बदलण्याएवढी फी घ्यायची आणि उलट आपल्यालाच प्रश्न विचारायचे, हा धंदा तिला एकाच वेळी पटेना आणि आवडलाही. माप घेणारा चांगला असेल तर तो तोंड उघडत नाही, टेपच बोलते, हे तिला माहीत होतं.

दुसऱ्या आठवड्यात मावशीनं सुईदोरा पर्समध्ये घालूनच नेला. "बाई, तो कोट द्या इकडे. तुमचं आत होईतो टाके घालते. पैसे नकोत."

प्रश्नबाई हसल्या. "नको, मावशी."

"अहो, दहा मिनिटांचं काम."

"तुमच्याकडून मी काही घेतलं, तर आत बसून त्या माझ्यापाशी तुमच्या तक्रारी कशा करतील?"

मावशी पन्नास मिनिटं त्या वाक्यावर बसून होती. म्हणजे आत आपल्या तक्रारी चालतात तर! तिनं त्या उसवलेल्या अस्तराकडे नव्यानं पाहिलं. एवढी गैरसोय अंगावर घालून हिंडणारी बाई साधी नव्हे, एवढं तिनं मनात टिपून ठेवलं.

कार्डांचं काम असं होतं. एखादं भीतीचं काम करायच्या आधी डाव्या बाजूला अंदाज लिहायचा, काय काय वाईट होईल, आणि दहापैकी किती खात्री. मग काम करायचं. मग उजव्या बाजूला, प्रत्यक्ष काय झालं. टाचणी ही कार्डं टाचण्यांच्या डबीत ठेवायची. मावशीनं ती वाचली नाहीत, असं म्हणणं हा तिच्यावर अन्याय होईल. एकावर होतं: "बसनं एक थांबा, एकटी. अंदाज: चक्कर येऊन पडेन, लोक जमतील. आठ." आणि उजवीकडे: "छाती धडधडली. एका बाईंनी पिशवी माझ्या पायावर ठेवली. पडले नाही. पाय दुखला." मावशी ते वाचून इतकी हसली की डबी सांडली, आणि मग अर्धा तास गुडघ्यांवर टाचण्या वेचत बसली.

आता ती गोष्ट, जी मावशीला माहीत होती.

कपड्याला पक्की शिलाई घालण्याआधी दुमड जागेवर धरून ठेवायला हातानं लांब लांब पांढरे टाके घालतात. तो कच्चा टाका. मशीन फिरली की त्याचं काम संपलं, ओढून काढायचा. टाचणी काढायची नाही. "असू दे ना, मावशी. पक्की शिलाई सुटली तर?" दोन वर्षांपूर्वी वकीलसाहेबांच्या काळ्या पँटच्या पायाशी असाच एक पांढरा दोरा कोर्टात लोंबत राहिला. ते उभे राहून तावातावानं बोलत होते आणि समोरचा वकील न्यायाधीशांना म्हणाला, "साहेब, माझ्या मित्रांचा मुद्दा अजून कच्च्या टाक्यावरच दिसतोय." सगळं कोर्ट हसलं. वकीलसाहेब दुकानात येऊन हे सांगताना जवळजवळ रडले.

टाचणी त्यानंतर कच्चा टाका आतल्या बाजूनं, न दिसेल असा घालायला लागली. पण काढायची तरीही नाही. मावशीनं दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा कंटाळली. दुकानात शेवटची इस्त्री मावशीची असायची. इस्त्री करता करता ती भाचीचे कच्चे टाके गुपचूप ओढून काढायची, जांभई देत, आणि कपडा कागदात गुंडाळायची. वाद घालण्यापेक्षा दोरा ओढणं सोपं. दोरा फेकून देणं मात्र तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं तो गुंडाळायला सुरुवात केली. गुंडा आधी लिंबाएवढा होता, मग मोसंब्याएवढा झाला. बिस्किटांच्या जुन्या डब्यात, कपाटाच्या वरच्या फळीवर, ती तो ठेवायची. टाचणी अजून समजत होती की तिचा प्रत्येक कपडा त्या कच्च्या टाक्यासकट बाहेर जातो, आणि म्हणूनच टिकतो.

पाचव्या भेटीत प्रश्नबाईंनी, टाचणीला विचारून, मावशीला आत बोलावलं. खोलीत तीन खुर्च्या आणि एक बुटकं टेबल. बाईंनी पहिला प्रश्न टाचणीला विचारला; उत्तर मावशीनं दिलं. दुसरा विचारला; मावशीनं दिलं. तिसऱ्याला बाईंनी आपलं पेन मावशीच्या हातात ठेवलं.

"हे धरा. पेन तुमच्या हातात आहे तोवर उत्तर त्यांचं."

"अहो, पेन हातात आलं की माणूस बोलतो!"

"इथे उलटं आहे."

टाचणीला हसू आलं. मावशी पेन घेऊन शाळेतल्यासारखी बसली. मग बाई टाचणीकडे वळल्या. "तुम्ही मागच्या वेळी कच्च्या टाक्यांबद्दल सांगत होतात. तो काढला तर काय होईल?"

"उसवेल," टाचणी म्हणाली. "रस्त्यात. चारचौघांत. मग तो माणूस परत येईल आणि सगळ्यांसमोर विचारेल."

"दहापैकी किती?"

"नऊ."

"आणि आजवर किती कपडे कच्चा टाका काढून बाहेर गेले?"

"एकही नाही," टाचणी म्हणाली. "मी कधी काढलाच नाही. सगळं तसंच असतं. बसमध्ये मावशी, फोनवर मावशी. काढलं तर काय होईल, मला माहीतच नाही."

मावशीच्या हातात पेन होतं. नियमानं गप्प बसायचं होतं. इतका सोयीचा नियम तिला कोणी कधी घालून दिला नव्हता, आणि तिनं तो अक्षरशः पाळला.

ठरलं असं की टाचणीनं एक कपडा कच्चा टाका काढून द्यायचा. मावशीनं घरी येईपर्यंत बोटांवर मोजलं. आठवड्याला एक कपडा. मुदत संपायला उरले तीन आठवडे. तीन कपड्यांनी नऊचे आठ होतील फार तर. म्हणजे मुदत टळणार, पोरगी राहणार, आणि दोष कोणाचाच नाही. इतका स्वच्छ सौदा!

कपडा निवडला तो वकीलसाहेबांचा कोट. गुरुवारी दुपारी टाचणी कात्री घेऊन बसली. बाहीच्या आतला दोरा चार इंचांचा. तिनं गाठ कापली आणि हात मागे घेतला. परत धरला. कपाळावर घाम, ओठांत टाचण्या नाहीत, नुसते दातांत दाबलेले ओठ. मावशी इस्त्रीमागून बघत होती. एक मिनिट, दोन, पाच. इस्त्रीनं एका उशीच्या अभ्र्यावर तपकिरी डाग पाडला तरी मावशीचं लक्ष नव्हतं. दहाव्या मिनिटाला टाचणीनं श्वास सोडला आणि दोरा ओढला. सर्रकन आला. तिनं तो टेबलावर सरळ ठेवला, जणू मेलेला साप असावा. वकीलसाहेब कोट घालून निघाले तेव्हा ती दारात उभी राहून ते कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यांच्या बाहीकडे बघत होती.

मावशीनं आयुष्यात बरीच धीट माणसं पाहिली होती. रात्रीतून डझनभर गणवेश उरकणारी, घरमालकाशी भांडणारी, एकटीनं मुलं वाढवणारी. पण जे काम आपण दोन वर्षं जांभई देत केलं, ते या पोरीनं काळजावर दगड ठेवून केलं, हे बघून तिला कसंसंच झालं. एवढ्या कष्टानं ही पोर एक दोरा कमावते, आणि हिच्याच कमाईचा अख्खा गुंडा आपण डब्यात दाबून बसलोय.

सहाव्या भेटीहून टाचणी उतरल्या चेहऱ्यानं बाहेर आली. "एक कोट टिकला तर काय, मावशी. नशीब असेल. बाई म्हणतात आणखी करून बघू. पण दिवस कुठे आहेत?"

मावशीनं वाटेत एक शब्द काढला नाही. टाचणीला वाटलं, तिचे पाय दुखत असतील.

सातव्या भेटीला मावशीच्या मांडीवर बिस्किटांचा डबा होता. दार उघडताच ती म्हणाली, "आज मला आत यायचंय. हिची हरकत नसेल तर." प्रश्नबाईंनी टाचणीकडे पाहिलं. टाचणीनं मान हलवली. बाईंनी मागच्यासारखंच पेन पुढे केलं. मावशीनं ते टेबलावर ठेवलं.

"पेन राहू दे. आज मी बोलणार."

तिनं डबा उघडला. गुंडा काढून टेबलाच्या मधोमध ठेवला. टाचणीनं तो ओळखायला क्षणही लावला नाही. आपला दोरा कोण ओळखत नाही?

"हे काय?"

"तुझे कच्चे टाके. वकीलसाहेबांच्या त्या पँटनंतरचे सगळे. मी इस्त्रीला घेताना काढत होते."

"सगळे?"

"सगळे."

प्रश्नबाई मावशीला रागावल्या नाहीत, शाबासकीही दिली नाही. त्यांनी विचारलं, "तुम्ही हे त्यांना का सांगितलं नाही?"

"वाईट वाटलं असतं तिला."

"आणि?"

"आणि कोण वाद घालत बसणार रोज."

"आणि?"

मावशीनं डब्याच्या झाकणावरच्या रंगीत चित्राकडे पाहिलं. चाळीस वर्षं ती लोकांकडून त्यांच्या कमरेचं खरं माप काढून घेत होती. तीही अशीच, गप्प राहून, टेप धरून. हे हत्यार आपल्यावर चालताना कसं लागतं ते तिला आज कळलं.

"आणि हिला कळलं असतं तर ही गेली असती," ती म्हणाली.

टाचणी उठली. "दोन वर्षं? मी इथे येऊन एकेका दोऱ्यासाठी मरतेय, आणि तू?" तिनं गुंडा उचलला, पिशवीत कोंबला, आणि दार उघडून निघून गेली. जिन्यावर तिच्या पावलांचा आवाज आला, मग खालचं दार आपटलं.

मावशीनं रिकाम्या डब्याचं झाकण लावलं. मग अचानक उभी राहिली. "अहो, ती एकटी गेली! बसनं! सात थांबे!"

"रागानं गेल्यात," प्रश्नबाई म्हणाल्या. "रागात भीती मागे राहते. शांतपणे एकदा जातील, तेव्हा तो प्रवास धरू."

"तुम्ही काहीच सोडत नाही फुकट."

"मावशी," प्रश्नबाई म्हणाल्या, आणि आवाज पहिल्यांदाच जरा मऊ झाला, "आज तुम्ही जे आणलंत, ते माझ्याकडच्या कुठल्याही कार्डावर मावलं नसतं."

मावशीला अस्तराबद्दल परत विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

तीन दिवस टाचणी बोलली नाही. कामावर आली, काम केलं, चहा स्वतःपुरता केला. चौथ्या दिवशी दुपारी तिनं मावशीकडे कामाची वही मागितली, ज्यात कोणाचा कोणता कपडा कधी आला आणि गेला ते लिहिलेलं असायचं. वही आणि गुंडा घेऊन ती कोपऱ्यात बसली. एकेक पान, एकेक नाव. मग तिनं गुंडा सोडला, आणि शिंपिणीची भाची ती, टेप घेऊन दोरा मोजायला लागली. दुकानभर पांढरा दोरा पसरला. एक गिऱ्हाईक दारातूनच म्हणालं, "जाळं विणताय का?"

"हो," टाचणी म्हणाली. "बघताय का अडकून?"

मावशीनं कात्री खाली ठेवली. पोरीनं अनोळखी माणसाला उलट उत्तर दिलं होतं, आणि तेही मस्करीत.

संध्याकाळी टाचणीनं एक कार्ड मावशीच्या पुढ्यात ठेवलं. या वेळी चोरून वाचायची गरज नव्हती. डावीकडे: "कच्चा टाका काढला तर उसवेल, परत येईल. नऊ." उजवीकडे: "सहाशे बारा कपडे गेले. परत आले तीन. एकाची चेन. एक वकीलसाहेब, पोट. एकाची लांबी चुकली, ती मावशीनं कापली होती."

"ती लांबी त्यानंच चुकीची सांगितली होती," मावशी म्हणाली.

"वहीत तुझ्या अक्षरात आहे."

आधी हसली ती टाचणी. मग म्हणाली, "मी अजून रागावलेली आहे हां."

"राहा की. हसता हसता राहा."

फोन तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी केला, दुकान उघडायच्या आधी. कार्ड लिहून. मावशीला तिनं समोरच्या स्टुलावर बसवलं आणि हातात एक पेन दिलं. आकडे दाबताना दोनदा चुकले. मावशीचा हात तिसऱ्यांदा आपोआप पुढे आला; मग पेनाची आठवण होऊन मागे गेला.

"हॅलो. मी बोलतेय." टाचणीचा आवाज दोरीवरच्या कपड्यासारखा हलत होता. "मी... कॉलरवाली."

पलीकडून वेशभूषाप्रमुखांचा घोगरा आवाज इतका मोठा होता की मावशीलाही ऐकू आला. "कॉलरवाली? मग मागे माझ्याशी बोलल्या त्या कोण?"

"ती माझी मावशी."

"त्यांचा आवाज तुमच्यापेक्षा तरुण आहे."

मावशीनं पेनावरची पकड घट्ट केली. टाचणी हसली, आणि त्या हसण्यात श्वास मोकळा झाला. "मी येतेय," ती म्हणाली. "पण मला भीती वाटते, हे आधीच सांगून ठेवते. मध्येच हात गार पडतात. पाच मिनिटं लागतात. मग होतं काम."

मग घोगरा आवाज म्हणाला, "इथे पडदा वर जायच्या आधी नटांचे हात रोज गार पडतात. आम्ही त्यांना बटणं लावून देतो. या."

आठवी भेट शेवटची. टाचणी एकटी गेली, बसनं, शांतपणे, सातही थांबे. मावशी मागच्या बसनं गेली, कारण तिला निरोप घ्यायचा होता. निदान कारण तरी तेच सांगितलं. ती पोचली तेव्हा दार उघडंच होतं आणि आत टाचणी म्हणत होती, "तुम्ही पहिल्या दिवशी विचारलं होतंत ना, तू की तुम्ही. मला तू चालेल."

"बरं," प्रश्नबाई म्हणाल्या. "मग तू जा आता."

मावशी दारातच थांबली. आठ आठवडे तिला वाटत होतं की बाई शिष्ट आहे. "अहो, पण मी तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तू म्हणा म्हणून!"

"तुम्ही सांगितलं होतंत," प्रश्नबाई म्हणाल्या. "हिनं नव्हतं सांगितलं."

मावशीला वाटलं, या बाईनं आठ आठवडे एका उत्तराची वाट पाहिली आणि तगादा लावला नाही. इतका धीर तिनं कुठल्या गिऱ्हाइकातही पाहिला नव्हता आणि स्वतःत तर नाहीच. मग ती सावरून म्हणाली, "आता तरी संपलं ना? द्या तो कोट."

"पुढे कधी हिला परत यावंसं वाटलं, तर दार तसंच मोकळं असलं पाहिजे ना, मावशी?"

"मग दुसऱ्या कुणाकडून तरी शिवून घ्या! किती दिवस हिंडणार तशा?"

"खरंय," प्रश्नबाई म्हणाल्या, आणि त्या कधीही शिवून घेणार नाहीत हे तिघींनाही कळलं.

टाचणी गेली. बसस्थानकावर तिचे हात गार पडलेच. ती त्याच बाकावर पाच मिनिटं बसली, घड्याळ लावून, मग उठली आणि चढली. मावशीनं खिडकीपाशी हात हलवला तो बस दिसेनाशी झाल्यावरही काही वेळ हलतच होता.

पहिल्या रविवारी दुपारी फोन आला.

"जेवलीस का?" मावशीनं विचारलं.

"जेवले. पहिल्या दिवशी एका राजाची बाही उसवली मावशी, मी घातलेली. चारचौघांत. सगळे बघत होते."

"अगं बाई! मग?"

"मग काय, परत शिवली. तू कशी आहेस?"

"मजेत."

"आणि?"

हे हत्यार पोरगी बरोबर घेऊन गेली होती तर. "आणि वकीलसाहेब आले होते. म्हणे कापड आटलं."

"आणि?"

मावशीनं पंख्याकडे पाहिलं. समोर टेबलावर दोन कप होते, एक पालथा. "आणि दुकान रिकामं वाटतं गं," ती म्हणाली.

टाचणी मोकळी झाली, त्याची भरपाई शेवटी कोणी केली, ते असं. वकीलसाहेबांनी केली, त्यांच्या पँटला आता पंधरा दिवस लागतात. प्रश्नबाईंनी एका उसवलेल्या अस्तरानं केली, ते अजून तसंच आहे. टाचणीनं आपल्या भीतीनं केली, एकेक दोरा, हप्त्याहप्त्यानं, आणि अजून भरतेय. उरलेलं सगळं मावशीनं भरलं, एकरकमी, आणि पावती मागितली नाही.